साठ पावलांची गल्ली

जानेवारीची एकवीस तारीख, मंगळवार. सकाळचे साडेअकरा झाले असतील, मी महाल भागात सलीमभाईच्या दुकानात माझ्या टेबलाशी बसून लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाच्या ड्रोनचा तुटलेला अँटिना बदलवून राहिली होती. काय सांगू तुम्हाले, संक्रांत झाली की पंधरा-वीस दिवस आमच्याकडे हेच काम. पतंगांचा मांजा झाडांवर, विजेच्या तारांवर, गच्च्यांवर लटकलेला राहते, ड्रोन त्यात शिरलं की बाकी एखाद्या वेळी वाचते, अँटिना वाचत नाही. ती तार शेवयीएवढी. एका टोकाले टिचबटणासारखी बारकी गुंडी, ती रिसीव्हरच्या, म्हणजे रिमोटचं ऐकणाऱ्या भागाच्या, नखाएवढ्या पाटीवर दाबून बसवायची. सरळ दाबली तर टक् करून बसते, वाकडी दाबली तर पाटीवरची गुंडीच उपटून येते अन् मग गिऱ्हाइकाले तोंड दाखवायची सोय राहत नाही. बसवली की तार प्लास्टिकच्या नळीतून बाहेर काढायची, ड्रोनच्या अंगापासून दूर उभी करायची, कारण ते अंग कार्बनचं राहते अन् कार्बन सिग्नल खाऊन टाकते. दोन तारा असल्या तर दोन बोटं फाकवावी तशा फाकवायच्या, म्हणजे ड्रोन कसंही वळलं तरी एकीले तरी ऐकू येते.

त्या दिवशी नवी तार पाटीवर बसवली अन् पाहते तर माझी काळी नळी संपलेली. ती गरम हवा दिली की तारेवर आवळून बसते, टोक झाकायले आम्ही वापरतो. नळी नव्हती म्हणून मी तारेचं टोक होतं तसंच ठेवलं, म्हणलं उद्या झाकू. एवढंच झालं. नळी डब्यात असती तर काय झालं असतं ते मी मनात आणत नाही. पण आधी माझं सांगते, नाहीतर तुम्हाले समजणार नाही आदल्या दिवशी माझ्या हातानं काय केलं अन् काहून केलं.

मी कन्हानची. माझे बाबा तिथल्या कोळशाच्या खाणीत लॅम्प रूममध्ये होते. लॅम्प रूम म्हणजे खाली जाणाऱ्या माणसाले टोपीवरचा दिवा द्यायचा, पाळी संपली की परत घ्यायचा, चार्जिंगले लावायचा. दिव्याच्या बदल्यात माणूस आपला बिल्ला तिथं टांगून जाते. पाळी संपल्यावर एखादा बिल्ला टांगलेलाच राहिला तर समजायचं की एक माणूस अजून खाली आहे. बाबा घरी आले की आई पहिलं विचारे, सगळे आले का. मी लहान होती, मले वाटे सगळ्यांच्या घरी असंच विचारतात.

लग्न होऊन महालात आली. आमचे हे कुरियर वाटतात, तेव्हा सायकलवर वाटत, आता स्कूटीवर. मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागली, मोटरसायकलच्या आतल्या वायरींचे जुडगे बनवायचं काम. चौदा वर्षं केलं. सरकत्या पाट्यावर वायर यायची, आपण सोलायची, टोक दाबायचं, नळी घालायची, पुढे ढकलायची. आमच्या लाइनचा एक नियम सगळ्यांत वर होता, उघडी तार दिसली की माल बाद. एक धागा दिसला तरी बाद. बाद माल लाल डब्यात, अन् कोणाच्या हातचा तो, हे फळ्यावर खडूनं लिहायचं. सुपरवायझर काही बोलत नसे, नुसता तो तुकडा दोन बोटांत धरून सगळ्यांले दिसेल असा वर करे अन् डब्यात टाके. पहिल्या महिन्यात माझं नाव सात वेळा लागलं. त्यानंतर चौदा वर्षांत एकदाही नाही. मी शहाणी होती म्हणून नाही, भेली होती म्हणून. सोललेलं टोक दिसलं की माझा हात आपोआप कटरकडे जाई, कापलं, झाकलं, पुढे. झोपेतही गेला असता.

मग ती लाइन दुसरीकडे हलवली, आम्हाले हिशेब करून घरी बसवलं. दोन महिने बसली. सलीमभाईचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्याचा माणूस सोडून गेला होता, त्यानं माझा हात पाहिला अन् म्हणाला, दीदी, तू बैठ इधर, हे बारीक काम माझ्या डोळ्यांनं होत नाही आता. मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचा बदलवता बदलवता ड्रोन यायले लागले. मी अजून एकही ड्रोन उडवलं नाही, मले उडवायचंही नाही. मले त्याचं भेव वाटते. एकदा पंखे न काढता सलीमभाईनं बॅटरी लावली अन् मोटर फिरली, ड्रोन टेबलावरून उसळून भिंतीवर गेलं अन् कॅलेंडरच्या मार्चपासून जूनपर्यंत पार चिंधड्या. सलीमभाई म्हणे, चलो, उन्हाळा तरी टळला. मी हसली नाही. त्या कॅलेंडरसमोर मी रोज डब्बा खायले बसते. तेव्हापासून आमचा नियम, पंखे काढल्याशिवाय बॅटरी लावायची नाही.

दुसरा नियम चालायचा. काम झालं की पंखे काढलेलं ड्रोन मी डोक्यावर धरायचं अन् गल्लीतून चालत जायचं, सलीमभाई दुकानाच्या पायरीवर रिमोट घेऊन उभा. रिमोटवर सिग्नलचा आकडा दिसते, शंभरातला. आमची गल्ली साठ पावलांची, पुढे पिठाच्या गिरणीपाशी वळते, तिथून मी परत फिरायची. गल्लीतल्या बाया विचारतात, मंदे, आज कोणाची वरात वं? गिरणीवाला म्हणते, मंदाताई, एक दिवस तुम्हीच उडून जाल. साठ पावलं सिग्नल तुटला नाही की काम पास. पाच वर्षं असंच चाललं, कोणाचं काही परत आलं नाही.

ढोबळे सर आमचं जुनं गिऱ्हाईक. शाळेतून रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, कळमेश्वरकडच्या एका खेड्यात राहतात, स्वतःच्या हातानं ड्रोन जोडतात. त्यांच्या ड्रोनच्या दोन्ही तारा मांजानं कापल्या होत्या. सोमवारी सकाळी आले, म्हणाले, बाई, आजच पाहिजे, परवा आमच्या शाळेचं संमेलन आहे, शाळेले पन्नास वर्षं झाली, सगळी पोरं मैदानात बसून पन्नासचा आकडा करणार, पाच अन् शून्य, अन् मी वरून फोटो घेणार. चांगलं उंच न्यावं लागेल, म्हणाले, तेव्हाच पूर्ण आकडा मावेल.

आता नेहमीच्या अँटिनाचं टोक कारखान्यातूनच प्लास्टिकच्या टोपणात येते. ते संक्रांतीच्या गर्दीत संपले होते. सलीमभाईनं दुसरी पिशवी मागवली, त्यात साध्या तारा, टोपण नाही. मी पहिली तार काढली, पाहते तर शेवटची दोन पेरं सोललेली. वरचं काळं आवरण नाही, आतली जाळी नाही, नुसता पांढरा धागा बाहेर. मले वाटलं, अर्धवट माल पाठवला मेल्यांनी, सोलून ठेवलं अन् झाकायचं विसरले. सलीमभाईले विचारायचं होतं, तो नमाजले गेला होता, सर समोर स्टुलावर चहा पीत बसले होते. मी कटर उचलला, दोन्ही तारांची पांढरी टोकं कापली, काळी नळी घातली, गरम हवा दिली. सुरेख झालं. साठ पावलं चालली, रिमोट सरांच्याच हातात होता, आकडा पासष्टच्या आसपास राहिला, मी म्हणलं भिंती आहेत, गर्दी आहे, असेल. तुटलं तर नाही. सरांनी तारांवर बोट फिरवून पाह्यलं अन् म्हणाले, इतकं साफ काम कंपनीतही होत नाही, बाई. मले बरं वाटलं, खोटं काहून सांगू. ड्रोन खोक्यात घालून ते गेले.

तर मंगळवारी, फोटोवाल्याचं ड्रोन, नळी संपलेली, टोक उघडंच. सलीमभाई पायरीवर, मी डोक्यावर ड्रोन घेऊन गिरणीपर्यंत. सलीमभाई ओरडला, दीदी, छप्पन नाही, साठ नाही, ब्याण्णव आहे, मस्त. मी तिथंच गिरणीपाशी उभी राहिली. तीच गल्ली, तशाच भिंती, काल पासष्ट अन् आज ब्याण्णव. तार त्याच पिशवीतली. फरक काय? काल टोक कापलं होतं, आज नाही.

परत आली, पिशवीतून अजून एक तार काढली, तिचं टोक कापलं, फोटोवाल्याच्या ड्रोनले ती बसवली, पुन्हा चालली. अडुसष्ट. ती काढली, न कापलेली बसवली, पुन्हा चालली. ब्याण्णव. सलीमभाई म्हणाला, काय करून राहिली, दीदी? मी कापलेली अन् न कापलेली, दोन्ही तारा त्याच्यासमोर ठेवल्या. तो चष्मा कपाळावर घेऊन पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, या अल्ला, हे टोकच तर अँटिना आहे. बाकीची तार नुसता रस्ता आहे, दीदी. ऐकते ते हेच.

दोन पेरं. मी ड्रोनचे कान कापून दिले होते.

  साठ पावलांत चाललं म्हणून काय झालं, सरांले उंच न्यायचं होतं. अन् सिग्नल तुटला की काय होते ते मले ठाऊक होतं, सरांनीच मागं सांगितलं होतं. त्यांनी मोटारी बंद व्हायचं लावून ठेवलं होतं, कारण ते शेतावर उडवतात, म्हणत, भरकटत दुसऱ्याच्या गावात जाण्यापेक्षा खाली पडलेलं बरं. शेतावर बरोबर आहे. पण बुधवारी खाली शेत नसणार होतं. खाली शाळा बसलेली असणार होती, पाच अन् शून्य करून, अन् सगळ्या पोरांले सांगितलेलं असणार की हलायचं नाही.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. सलीमभाईनं चहा मागवला, मी प्याली नाही. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त भेला, त्याचं दुकान, त्याचं नाव, ड्रोनवाल्यांचा ग्रुप आहे मोबाइलवर, एकानं लिहिलं की सगळे वाचतात. म्हणाला, दीदी, टेन्शन घेऊ नको, आपण म्हणू माल खराब आला. पिशवीच खराब होती म्हणू. वापस घेऊन या म्हणू. तुझं नाव नाही, माझं नाव नाही. मले ते पटलं. काय सांगू तुम्हाले, लगेच पटलं. डोळ्यांपुढे तो सुपरवायझर दोन बोटांत तुकडा धरून उभा होता.

चार वाजता सरांनी फोन उचलला. मागं लेझीम वाजून राहिली होती, पोरांची प्रॅक्टिस. मी म्हणलं, सर, त्या तारांचा माल खराब आला आहे, उद्या उडवू नका, घेऊन या, बदलून देते. सर हसले. म्हणाले, अवं बाई, तुम्ही उगाच घाबरता, मी आजच अंगणात उडवून पाह्यलं, झकास चालते. माल खराब असता तर मले दिसला नसता का, मी भिंग लावून पाह्यलं, एकेक टोक असं बंद केलं तुम्ही, देखणं. मी म्हणलं, सर, तरीपण. ते म्हणाले, बाई, पोरं महिनाभर बसायची प्रॅक्टिस करून राहिली आहेत, आता नाही म्हणलं तर रडतील. ठेवतो. ठेवला त्यांनी फोन.

पाहा, खोटं बोलून कामच झालं नाही. खऱ्यावर झालं असतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं, सर, मी कापलं. दोन शब्द. तोंडातून निघाले नाहीत. पुन्हा फोन लावायले मी दहा वेळा मोबाइल हातात घेतला अन् दहा वेळा ठेवला, अन् मग लावला तर फोन बंद. सर काम चाललं की फोन बंद करून टाकतात, मास्तरकीची सवय.

घरी जाऊन स्वयंपाक केला. हे आले, जेवायले बसले, म्हणाले, भाजीत मीठ नाही. मी म्हणलं, अजी, ऐकता का, अन् सगळं सांगितलं. हे हातातला घास तसाच धरून बसले. मग विचारलं, किती जड राहते ते? मी म्हणलं, पाऊण किलो, बॅटरीसकट. हे म्हणाले, अन् किती उंचावरून? मी सांगितलं. यांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, सकाळची पहिली एसटी सहाले आहे, मी स्टँडवर सोडतो. मी म्हणलं, त्यांनी लोकांसमोर काही म्हणलं तर? हे म्हणाले, म्हणतील. तू काय, त्यांनी शाबासकी द्यावी म्हणून चालली का?

मले तेव्हा बाबांची एक गोष्ट आठवली, आईनं मले सांगितलेली, बाबांनी स्वतः कधी नाही. एकदा बाबांनी एका माणसाले चुकून आदल्या पाळीचा, चार्जिंग न झालेला दिवा दिला. माणूस खाली गेल्यावर लक्षात आलं. सांगितलं तर नोकरी जाते. बाबा काही बोलले नाहीत, पूर्ण पाळीभर त्या एका बिल्ल्याकडे पाहत बसले. तो माणूस वर आला, हसत आला, म्हणाला, दिवा लवकर मंदावला गा आज, दुसऱ्याच्या उजेडात चाललो. काही झालं नाही. पण त्यानंतर बाबा आयुष्यभर जेवताना मध्येच थांबायचे. आई म्हणे, नशीब चांगलं होतं म्हणून. माझं असेल की नाही, मले ठाऊक नव्हतं. अन् समजा असलं, तरी मले तसं जेवायचं नव्हतं.

बुधवारी पाच वाजता उठली. पिशवीत न कापलेल्या चार तारा, चिमटा, भिंग, प्लास्टिकच्या नळ्या, चिकटपट्टी. कटर घेतला नाही. हिरवी शाल पांघरली, थंडी मरणाची होती. एसटीत खिडकी लागत नव्हती, सगळा रस्ता धुक्याचा, अन् मी मनात तेच दोन शब्द घोकत होती, पोरगी पहिल्यांदा भाषणाले उभी राहते तशी. कळमेश्वरले उतरली, तिथून ऑटो केला. ऑटोवाला म्हणे, संमेलनाले का? कोण आहे तुमचं शाळेत? मी म्हणलं, सगळेच.

पोचली तर पोरं मैदानात यायले लागली होती. मास्तरीणबाईनं चुन्यानं पाच अन् शून्य आखून ठेवले होते, पोरं आपापल्या जागा हुडकून राहिली होती, तुझी जागा, माझी जागा, एक पोरगं म्हणे, मी पाचाच्या पोटात नाही बसणार, मले शेपटीत बसायचं आहे. सर वऱ्हांड्यात टेबलावर ड्रोन मांडून बसलेले, भोवती दोन-चार मास्तर, गावातले सरपंच, पाहुणे. पंखे लावून झाले होते. बॅटरी हातात होती.

मी चालतच म्हणलं, सर, बॅटरी लावू नका.

सगळ्यांनी पाह्यलं. सर उठले, म्हणाले, अवं बाई, तुम्ही इथं? मी म्हणलं, माल खराब नव्हता. मी कापलं. दोन्ही टोकं मी माझ्या हातानं कापली, मले वाटलं उघडी तार आहे. तेच टोक ऐकते, सर. हे वर नेलं तर पडेल.

 सरपंच सरांकडे पाहून राहिले, सर माझ्याकडे. मी पिशवीतून न कापलेली तार काढली अन् त्यांच्या तळहातावर ठेवली, त्यांनी भिंग लावलं, पाह्यलं, मग ड्रोनवरच्या काळ्या टोकावरून बोट फिरवलं, तसंच, सोमवारी फिरवलं तसं. म्हणाले, काल फोनवर काहून नाही सांगितलं? मी म्हणलं, भेली होती. ते म्हणाले, अन् आज नाही भेली का? मी म्हणलं, आज जास्त भेली.

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, मास्तर असून मीही पाह्यलं नाही, नुसतं साफ दिसलं तर बरं म्हणलं. मग म्हणाले, दाखवा.

पंखे काढले. मी ड्रोन डोक्यावर धरलं अन् चालायले लागली, सर वऱ्हांड्यात रिमोट घेऊन. ही काही आमची गल्ली नव्हती, मोकळं मैदान, पुढे कपाशीचं वावर. पोरं हसायले लागली, ती बाई पाहा, टोपली नेऊन राहिली. मी पावलं मोजत होती. साठले काही नाही. शंभरले काही नाही. दीडशेच्या पुढे गेली अन् मागून रिमोटची शिट्टी ऐकू आली, टीं टीं टीं, अन् सरांनी हात वर केला. तिथं उभी राहून मी मागं वळून पाह्यलं. तेवढ्या अंतरावरून पोरं अंगठ्याएवढी दिसत होती.

परत आली. मुख्याध्यापकांच्या टेबलाशी बसून दोन्ही तारा काढल्या, नव्या बसवल्या, एक टक्, दोन टक्, नळीतून बाहेर काढल्या, कार्बनपासून दूर, दोन बोटं फाकवावी तशा, चिकटपट्टी मारली. टोकं उघडीच ठेवली.  पुन्हा डोक्यावर घेतलं अन् चालली. दीडशे, दोनशे. कपाशीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचली, शिट्टी नाही. मागून सर ओरडले, पुरे, बाई, या. मी थांबली नाही. धुऱ्याधुऱ्यानं गेली, विहीर ओलांडली, बाभळीपर्यंत गेली, सर मुंगीएवढे दिसायले लागले, हात हलवून बोलावून राहिले होते, शिट्टी नव्हती, तरी मी अजून पन्नास पावलं टाकली. मग फिरली. आताही मी गल्लीत चालून थांबत नाही, वळण घेऊन तलावापर्यंत जाते, सलीमभाई म्हणते, दीदी, चपलांचे पैसे मागशील आता. तो रागावला नाही. नंतर त्यानंच ग्रुपवर लिहिलं, आमच्याकडून एक चूक झाली होती, ती अशी. कोणी दोन शब्द वाकडे बोलले, कोणी स्वतःच्या तारा दाखवायले घेऊन आले.

त्या दिवशी मी मैदानात परत आली तेव्हा सरांनी पंखे लावले, बॅटरी लावली अन् रिमोट हातात घेऊन थांबले. म्हणाले, आता उडवू का, बाई? मले विचारून राहिले होते. मी म्हणलं, उडवा. पण आधी एकदा मोकळ्या वावरावर नेऊन आणा. त्यांनी नेऊन आणलं, पार उंच, ठिपका झालं, सुखरूप आलं.

मास्तरीणबाई पोरांच्या रांगा पाहत होत्या. म्हणाल्या, शून्यात एक जागा रिकामी राहिली, एका पोरीले ताप आहे, फोटोत खिंडार दिसेल. मी चपला काढल्या, चुन्याच्या रेषेवर गेली अन् त्या जागेवर मांडी घालून बसली. बाजूची पोरगी म्हणाली, मावशी, वर पाहून हसायचं आहे. मी म्हणलं, तू हस. वरून घूं घूं आवाज येत होता, अन् मी तिचा हात घट्ट धरून खाली मातीकडे पाहत बसली. आवाज बंद झाला अन् सरांनी, आलं खाली, म्हणलं, तेव्हा सोडला.

फोटो छान आला आहे. पाच अन् शून्य बरोबर दिसतात. शून्यात उजवीकडे एक हिरवा ठिपका आहे, सगळ्यांची तोंडं वर अन् त्याचं खाली. ती मी.